काळ्या मातीच्या काठापर्यंत

वाशीमकडून पुसदला यायचं तर शेवटी घाट उतरावा लागतो. वर सपाट माळ, खाली डोंगरांच्या कड्यात बसलेलं गाव आणि मधून वाहणारी पूस नदी. डोंगरांचे माथे कापून काढल्यासारखे सपाट आहेत आणि उतारांवर पायऱ्यांसारखे थर दिसतात. एकावर एक साचलेल्या लाव्ह्याचे हे थर सह्याद्रीत दिसतात तेच, त्याच घराण्यातले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला, थिजला, आणि पुढे ऊन-पावसाने कुजून त्याची काळी माती झाली. वऱ्हाडाचं बरंवाईट जे काही झालं त्यातलं बरंच या मातीच्या खात्यावर लिहावं लागतं.

यवतमाळ जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहायचा, म्हणजे पुसदहून निघून वणीला संपवायचा, असं ठरवलं होतं. त्याला कारण होतं. जिल्हा मोठा आहे, 13,582 चौरस किलोमीटर आणि 16 तालुके. गोव्याएवढी तीन राज्यं आत सहज मावतील. ईशान्येला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि दोघींची भेट आग्नेय कोपऱ्यात. पण नकाशात न दिसणारी गोष्ट अशी की पश्चिमेची जमीन सगळ्यात तरुण आणि पूर्वेची सगळ्यात म्हातारी. वणीच्या बाजूला लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि खालचे जुने खडक उघडे पडतात. गाडी पुढे जाते तसा काळ मागे जातो, हे निघताना भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य वाटलं होतं. तसं ते राहिलं नाही.

पुसद म्हटलं की महाराष्ट्राला नाईक घराणं आठवतं. गावाजवळच्या गहुलीत 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले. डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 एवढा सलग काळ ते मुख्यमंत्री होते. पुढे पुतणे सुधाकरराव 1991 ते 1993 मध्ये त्याच खुर्चीत बसले. संकरित ज्वारी, चार कृषी विद्यापीठं, 1972 च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं ही सगळी वसंतरावांच्या कारकिर्दीतली. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. मला जास्त नवल वाटलं ते याच्या मागच्या गोष्टीचं. नाईक बंजारा समाजाचे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा, मोगलांच्या फौजांना रसद पोचवणारा हा समाज. पक्के रस्ते आणि आगगाड्या आल्या तशी त्यांची लदेणी, म्हणजे बैलांवरची मालवाहतूक, बसली. भरीला 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फिरत्या माणसांकडे इंग्रज सरकारने संशयाने पाहिलं, आणि त्याचा डाग पिढ्यान्‌पिढ्या पुसला गेला नाही. तांडे या डोंगरकडांना स्थिरावले, शेती करू लागले, आणि कायद्यानंतर शंभर वर्षं व्हायच्या आत त्यातल्याच एका तांड्याचा मुलगा राज्य चालवत होता.

पुसदच्या आसपासचे तांडे आजही वेगळे ओळखू येतात. फेटिया-कांचळी हा बायांचा जुना पोशाख मात्र आता फक्त म्हाताऱ्यांच्या अंगावर. एका अंगणात तूर वाळत घातलेली होती, तिथल्या याडीच्या, म्हणजे आईच्या, ओढणीवरचे आरसे उन्हात लखलखत होते. फोटो काढू का विचारलं तर म्हणाली, "काढ ना भाऊ, पण आधी चहा घे. फोटो पळून नाई जात." घरात नात बंजाऱ्यांच्या गोरबोलीतून मोबाइलवर बोलत होती आणि आम्हाला पाहून क्षणात मराठीवर आली.

पुसदची आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. 1930 मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला, पण विदर्भाला समुद्र नाही. मीठ काढणार कुठून? मग इथल्या लोकांनी त्यांना रोज नडणारा कायदा निवडला. जंगल राखीव केल्यापासून गुरांसाठी गवत कापायलाही परवानगी लागत होती. 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. पुढे सत्याग्रहाचं लोण विदर्भभर पसरलं. दांडीच्या चिमूटभर मिठासारखं पुसदचं पेंढीभर गवत प्रसिद्ध झालं नाही. गुराख्याला मात्र ते मिठापेक्षा जवळचं होतं.

दिग्रस मागे टाकून दारव्ह्याला आलो की रस्त्याच्या बाजूने एक अरुंद लोखंडी रेघ साथ देऊ लागते. कुठे गवतात बुडालेली, कुठे शेताच्या बांधाशी एकजीव झालेली. ही शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टाकली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. मँचेस्टरलाच 1921 मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर 1994 पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाइन खासगी मालकीचीच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला जायचा कंपनीला. आता गाडी बंद आहे. एका फाटकाशी बसलेले काकाजी सांगत होते, "धावत जाऊन पकडता ये अशी गाडी होती. मधात उतरून लघवीले जाऊन पुन्हा चढत होते लोकं." अतिशयोक्ती असेल. पण 113 किलोमीटरला निम्मा दिवस खाणाऱ्या गाडीबद्दल तिथलं कुणी वाईट बोललं नाही.

कापूस इथे आधीपासूनच होता. त्याला जगाच्या बाजारात ओढलं ते अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. 1861 ते 1865 या काळात तिकडच्या दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड तेव्हा निजामाचं, पण 1853 च्या तहाने कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला. 1902 मध्ये कर्झनने ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. मुंबई-नागपूर रेल्वे 1867 लाच पूर्ण झाली होती. शकुंतला म्हणजे त्या मोठ्या झाडाला फुटलेली फांदी. जिल्ह्याचं नाव मात्र 1905 पर्यंत यवतमाळ नव्हतं, वणी होतं.

यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर बसलंय. नागपूर-चंद्रपूरकडचे लोक त्याला थंड म्हणतात, यावरून त्यांच्याकडच्या उन्हाळ्याची कल्पना यावी. गावाला साहित्याचंही वेड आहे. 1973 मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली इथे संमेलन झालं, 2019 मध्ये पुन्हा झालं. दुसऱ्याच्या वेळी उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याने रणकंदन माजलं आणि शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या एका शेतकरी विधवेने. भाषणं विसरली जातात. ते उद्घाटन इथल्या लोकांच्या लक्षात आहे.

शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये शिरलो. हंगाम ऐन भरात होता. आवारात कापसाचे ढीग घरांच्या उंचीचे आणि हवेत इतके तंतू की दोन मिनिटांत भुवया पांढऱ्या. जिनच्या रांगेत प्रत्येक यंत्राला चामड्याच्या चकत्यांचे फिरते रूळ आणि त्यांना चिकटून पातं. रूळ रुई ओढून नेतो, सरकी पात्याशी अडते आणि टपटप खाली पडते. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल, तेल काढून उरते ती ढेप, ती जनावरांना. रुई पुढे दाबयंत्रात जाते आणि 170 किलोची गाठ होऊन बाहेर पडते. गाठीला पट्ट्या आवळताना लोखंड किरकिरतं. मुकादम म्हणाला, "साहेब, बोंडातून गाठीपर्यंत कापूस कुठंच स्वस्त नसते. फक्त शेतकऱ्याच्या हातून सुटते तेव्हा स्वस्त असते." भाव, व्यापारी, सरकारी खरेदी या विषयावर यवतमाळात कुणालाही बोलतं करावं लागत नाही.

याच काळ्या मातीला दुसरी बाजू आहे. ती भिजली की पाणी धरून ठेवते, पण पाऊस लांबला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बहुतेक शेती कोरडवाहू, म्हणजे सगळा डाव जून-जुलैच्या आभाळावर. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. दरवर्षी त्या दिवशी राज्यात अनेक जण अन्नत्याग करतात. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, काही वर्षं बोंडअळी हटली, मग गुलाबी अळी परतली. 2017 च्या पावसाळ्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याच्या वर गेलेल्या झाडांत पंप घेऊन चालायचं म्हणजे विषारी तुषार आपल्याच तोंडावर घ्यायचे. वेचणी करणाऱ्या बायांच्या कंबरेला बांधलेल्या ओट्या भरताना पाहिल्या, तेव्हा हेच शेत चार महिन्यांपूर्वी कसं असेल ते डोळ्यांसमोर आलं.

यवतमाळहून कळंब फार दूर नाही. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीपेक्षा बरंच खाली आहे. पायऱ्या उतरून कुंडाशी जायचं. कधीकधी भूगर्भातलं पाणी चढत मूर्तीपर्यंत येतं आणि तेव्हा गावात जत्रा भरते. श्रद्धा आपल्या जागी. पण भेगाळलेल्या बसाल्टमधून पाणी कसं साठतं आणि वर येतं, याचा याहून सुबक नमुना शोधून मिळणार नाही. आजचं हे शांत तालुक्याचं गाव एकेकाळी मोठं ठाणं होतं. ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांच्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यांच्या, यादीत कळंब आहे, माहूर आहे. इथे मोठी रेल्वे पोचायला मात्र फेब्रुवारी 2024 उजाडलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा तेव्हा सुरू झाला. कापसासाठी इंग्रजांनी छोटी गाडी आणली, माणसांसाठी मोठी गाडी यायला त्यानंतर शंभरावर वर्षं लागली.

पांढरकवड्याकडे वळल्यावर शेतं आक्रसतात आणि सागवान सुरू होतो. हिवाळ्यात सागाची मोठाली पानं गळून रस्त्यावर खडखडत असतात. मोह, तेंदू, धावडा, पळस, सालई, असं हे उष्ण कटिबंधातलं पानगळीचं रान. पांढरकवड्यावरून काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो. पंजाब, तेलंगण, तामिळनाडूचे नंबर लागलेले ट्रक एकाच धाब्यावर उभे असतात. हा रस्ता म्हणजे देशाचा कणा, आणि त्याच्या कडेलाच टिपेश्वर अभयारण्य, जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. त्यात वाघ इतके वाढले की बाहेर पडू लागले. 2019 मध्ये इथला एक तरुण नर गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, शेतं आणि महामार्ग ओलांडत हजार किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कापसाच्या शेतांतून तो गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली वाघीण, लोकांची अवनी आणि वनखात्याची टी-1, 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळी घालून मारली गेली. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. इकडच्या गावांत त्या दिवसांत बाया सरपणाला घोळक्यानेच जायच्या.

एप्रिल 1818 मध्ये याच मुलुखात दुसरा बाजीराव पळत फिरत होता. नागपूरच्या भोसल्यांची मदत मिळेल या आशेवर तो चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दिशेला आला, आणि शिवणीजवळ कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठलं. पुढच्या काही आठवड्यांत पेशवाई संपली. पुण्याच्या इतिहासाचा शेवट पुण्यापासून इतक्या लांब, सागाच्या जंगलात होत आला होता.

झरी-जामणी तालुका कोलामांचा. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित मानल्या गेलेल्या आदिम जमाती तीन, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि त्यांची बोली द्रविड कुळातली. एका पोडावर म्हातारा बांबू चिरत बसला होता. आधी उभे दोन भाग, मग चार, मग पायाच्या अंगठ्यात धरून कोयत्याने कागदासारख्या पातळ पट्ट्या. पट्टी कुठे तुटायच्या बेतात आली की हात थांबायचा, कोयता किंचित फिरायचा आणि चीर पुन्हा सरळ धावायची. आमच्याशी बोलताना त्याने कामाकडे एकदाही पाहिलं नाही. तट्टे, टोपल्या, सुपं, सगळं आठवडी बाजारात जातं. बांबू मिळतो का विचारलं. "जंगल आमचं, बांबू सरकारचा," तो हसत म्हणाला.

पोडापासून थोड्या अंतरावर शिबला गाव आहे. काही वर्षांपूर्वी तिथे रस्त्याचं काम करताना जमिनीतून दगडी खांब निघाले. षटकोनी, बाजू गुळगुळीत, उभ्या रचलेल्या पेन्सिलींच्या जुडीसारखे एकमेकांना चिकटलेले. जुन्या मंदिराचे अवशेष वाटावेत असे. पण हे कुणी घडवलेले नाहीत. लाव्हा एकसारखा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा खोलवर उतरत जाऊन असे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशीच. हाताने चाचपलं तर कडा अजून धारदार होत्या. दख्खनच्या लाव्ह्याचा हा जवळजवळ पूर्वेचा काठ. इथून पुढे त्याचा पडदा विरतो.

आणि मग मुकुटबनपासून सगळं रूपच पालटतं. माती फिकी होते, रस्त्यावर पांढरी धूळ, चुनखडीच्या खाणी, सिमेंटचा कारखाना. हा चुनखडक समुद्राच्या तळाशी साचला त्याला शंभर कोटी वर्षांच्या आसपास झाली. भूशास्त्रात या खडकांच्या गटाला पैनगंगेचंच नाव आहे. राजूरला चुनखडीच्या खाणींमागून खाणी. पुढे वणीच्या दिशेने धूळ काळी होत जाते. झाडांची पानं, घरांचे पत्रे, रस्त्याकडेच्या टपरीवरची बिस्किटांची बरणी, सगळ्यांवर तो एकच काळा थर. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. त्यातलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचं. तीच पानं दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडच्या खडकांत सापडली. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानातल्या दगडांतही हेच पान होतं. हे सगळे प्रदेश एके काळी जोडलेले होते, याचा तो एक मोठा पुरावा. या खडकांना गोंडवाना हे नाव भूवैज्ञानिक मेडलिकॉटने 1872 मध्ये दिलं. एदुआर्द स्युएसने ते पुढे त्या अख्ख्या हरवलेल्या खंडालाच लावलं. अंटार्क्टिकासकट अर्ध्या पृथ्वीला इथल्या गोंड राजांच्या मुलुखाचं नाव आहे, आणि वणीच्या बाजारात कुणाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही.

थक्क करणारी गोष्ट याच्याही पलीकडची आहे. 1870 च्या दशकात भूवैज्ञानिक फेडनला पैनगंगेच्या पात्रात, चांद्याच्या बाजूला इरई इथे, चुनखडकावर समांतर ओरखडे दिसले. ते ओरखडे हिमनदीचे होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या या भूमीवरून एकदा बर्फाचे प्रचंड थर घसरत गेले होते, पोटात धोंडे घेऊन. तेव्हा हा तुकडा दक्षिण ध्रुवाच्या शेजारी होता. मग तो उत्तरेकडे सरकत निघाला. बर्फ वितळलं, दलदली झाल्या, कोळसा झाला. विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच असताना लाव्ह्याने अर्धं अंग झाकलं, आणि पुढे आशियाशी टक्कर होऊन तो आजच्या जागी आला. आपण भारताला उष्ण कटिबंधातला देश म्हणतो ती त्याची आताची वस्ती.

वणी हे बापूजी अण्यांचं जन्मगाव, इथला रंगनाथस्वामींचा उत्सव मोठा. आज गावाची ओळख मात्र खाणींची. गावाबाहेर खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. पुसदला दिसले ते डोंगर लाव्ह्याचे, हे डंपरचे. उकणीच्या बाजूला खाणीची भिंत लांबून दिसली. वर दोन-तीन माणसांच्या उंचीएवढी काळी माती, खाली पिवळसर वालुकाश्म, त्याच्या खाली तो काळा पट्टा. वरच्या मातीत कडेपर्यंत पऱ्हाटी उभी होती.

खाणीत शेत गेलं की भरपाई मिळते, आणि दोन एकरांमागे घरातल्या एकाला नोकरी, असा कोळसा कंपनीचा नियम आहे. चहाच्या टपरीवर एक तरुण त्याच हिशोबात गुंतला होता. वडिलांच्या नावावर पाच एकर, भाऊ तिघं. नोकऱ्या दोन. "मोठ्याले एक, धाकट्याले एक," तो म्हणाला, "म्या मधला." मग तुम्ही काय करणार, विचारलं. उरलेल्या एकरात काय पेरायचं ते पाहतो म्हणाला, खाण तिथवर यायला अजून दोन-तीन हंगाम आहेत म्हणे. आणि उठून त्याने कोळशाच्या ट्रकला वाट देण्यासाठी आपली मोटारसायकल बाजूला घेतली.